बेट सोडण्याची नोटीस

सरोवरातल्या आमच्या बेटावर सरकारी नोटीस आली की ती होड्यांच्या धक्क्याजवळच्या उंबराला ठोकत. मुखियाचा ढोल वाजे, माणसं जमत आणि योवाना पुढे होऊन वाचे. योवाना मिशनच्या देवळात प्रार्थना सांगायचा, पोरांना अक्षरं शिकवायचा. गावात वाचणारा तो एकटाच उरला होता. नोटीसही तो प्रार्थनेसारखीच वाचायचा, एका सुरात, डोळे वर न करता.

पाण्याकाठच्या झुडपांतली एक माशी चावते आणि त्यानं माणूस झोपतो, हे गोऱ्या साहेबांनी शोधून काढलं होतं. आधी ताप येई, मानेवर गाठी येत. मग माणूस चिडका होई, काहीबाही बरळे आणि शेवटी घास तोंडात तसाच ठेवून झोपून जाई. एकदा असं झोपायला लागलेलं माणूस बरं झालेलं आम्ही पाहिलं नाही. म्हणून नोटिसा येत. धक्क्याजवळची झुडपं तोडा. तिथे लिंबाच्या वासाचं गवत लावा, त्या वासानं माशी येत नाही.

"माशीला कळवलंय का रे हे?" म्हातारा कायीरा म्हणाला होता. "नाही, तिला वाचता येत नसेल तर तिलाही एकदा वाचून दाखव."

"तुम्ही गवत लावा, आजोबा. माशीचं मी बघतो," योवाना म्हणाला.

माणसं हसली. गवत लावलं. त्याच वर्षी कायीराच्या दोन्ही सुना गेल्या.

माझे आईवडील आणि भाऊ त्याआधीच गेले होते. मी लग्नाच्या वयाची होते, पण लग्न ठरवायला घरात कोणी नव्हतं. नाकाबुगो आत्यानं मला आपल्याकडे आणलं. तिचा नवराही झोपेनंच गेलेला. एकच मुलगा, काझिब्वे. अंगानं दणकट, लांब होडीत सगळ्यांत पुढच्या वल्ह्यावर बसायचा आणि तोंड म्हणून मिटायचा नाही.

"तुझ्यासाठी पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक टकल्या बघून ठेवलाय," तो मला म्हणायचा. "टक्कल इतकं लखलखीत, की तुला आरसा नको."

"तुझ्या बायकोला दे तो आरसा. तुझं तोंड बघण्यापेक्षा बरा."

"आधी बायको तर दे!"

एक दिवस भर पाण्यात त्याच्या हातून वल्हं सुटलं. होडीतल्या माणसांनी त्याला घरी आणून सोडलं आणि तशीच माघारी गेली. आत्यानं त्याच्या मानेवरून हात फिरवला. मग ती केळी सोलायला बसली. मी चूल पेटवली.

त्या दिवसांत रडणं बंद झालं होतं. पूर्वी कोणी गेलं की सगळा गाव आक्रोश करी. मग घरची माणसं तेवढी रडू लागली आणि पुढे तीही थांबली. आमच्यात मेलेल्या माणसाला वल्कलात गुंडाळतात. उंबराची साल काढायची, ओली असतानाच ओंडक्यावर घालून लाकडी मोगरीनं कुटत कुटत पातळ करायची, पसरायची, वाळवायची. ते पुरुषांचं काम, आणि आमचं पाणमांजराचं कूळ तर त्याच कामासाठी ओळखलं जाई. पण कुटणारेच गेले. मग लोक मेलेल्यांना चटईत पुरू लागले आणि चटया संपल्यावर केळीच्या पानांत.

अशात ती शेवटची नोटीस आली. ढोल वाजला तेव्हा धक्क्यावर इतकी कमी माणसं जमली, की योवानाला आवाज चढवावा लागला नाही.

"'बेटावरील सर्व रहिवाशांनी येत्या अमावास्येच्या आत बेट सोडून सरकार नेमून देईल त्या जागी राहावयास जावे. आजारी इसमांना वेगळ्या होडीने छावणीत नेण्यात येईल. निरोगी इसमांस त्यांच्यासोबत जाता येणार नाही. घरे जाळण्यात येतील. यानंतर मासे, सरपण अथवा अन्य कोणत्याही कारणासाठी बेटावर आढळणाऱ्यास शिक्षा होईल.'"

मग कायीरानं विचारलं, "आणि थडगी?"

"थडग्यांचं लिहिलेलं नाही, आजोबा."

"नीट बघ. मागच्या बाजूला असेल."

योवानानं खिळा उपसला, कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तीही त्यानं सगळ्यांना दाखवली.

"योवाना," आत्या म्हणाली. योवाना आमच्याच कुळातला, तिला आत्याच म्हणायचा. "आईचं काय लिहिलंय?"

"म्हणजे?"

"निरोगी इसम म्हणालास. आईचं वेगळं काही असेल."

योवानानं कागदावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. "आईसुद्धा इसमच धरतात, आत्या."

"बरं," आत्या म्हणाली.

छावणीबद्दल होडीवाल्यांकडून ऐकू येई. तिथे दंडात सुई टोचतात, त्यानं काहींची नजर गेली म्हणत. घरी येताना आत्या एवढंच म्हणाली, "झोपलाय तो झोपलाय. आता आंधळा कशाला?" गाठोडं मात्र तिनं बांधलं. इतरांसारखंच बांधलं.

निघायच्या दिवशी धक्क्यावर गोरा डॉक्टर खुर्ची टाकून बसला होता. एकेक माणूस त्याच्या पुढ्यात जाई, तो मान चाचपी आणि बोट दाखवी, या होडीत किंवा त्या होडीत. शेजारच्या गावाचे आजारी आधीच आणून ठेवले होते. त्यांच्या होडीत माणसं एकमेकांच्या मांडीवर डोकी टाकून पडली होती. एक बाई बसल्या बसल्या हसत होती, तिच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

काझिब्वेला आम्ही दोघींनी मध्ये धरलं होतं. तो चालत होता, पण डोळे मिटलेले. आमच्यापुढे चार-पाच माणसं उरली तेव्हा आत्या शिपायाला म्हणाली, "याला जरा झाडीत नेऊन आणते. होडीत केलं तर तुम्हीच ओरडाल."

शिपायानं नाक मुरडून हात हलवला, जा म्हणून.

आम्ही झुडपांच्या मागे गेलो. मला वाटलं, खरंच तेवढ्यासाठी आलोय. पण आत्या थांबली नाही.

"आत्या, होडी..."

"चालत राहा."

"गाठोडं तिकडेच राहिलं."

"राहू दे."

चढ लागला तसं आम्ही काझिब्वेला आळीपाळीनं पाठीवर घेतलं. तो हलका झाला होता. रानात बकऱ्यांच्या कळपाच्या वाटेवर एक मोठा दगड होता, त्याच्या आड बसलो. खाली काय झालं ते योवानानं मला फार वर्षांनी सांगितलं. डॉक्टरनं विचारलं, सगळे आले का? योवानानं आमचं गाठोडं उचलून निरोग्यांच्या होडीत टाकलं आणि म्हणाला, आले.

दुपारी धूर दिसू लागला. एकाचा दुसऱ्यात मिसळत गेला. त्यातला आमच्या घराचा कोणता ते ओळखू येत नव्हतं, आणि ओळखायचा प्रयत्नही मी केला नाही.

मिशनचं देऊळ त्यांनी जाळलं नव्हतं. आम्ही तिथे राहिलो. काझिब्वेला बाकांच्या मधल्या जागेत गवत घालून निजवलं. खायला तोटा नव्हता. केळीचे घड सगळ्यांच्या बागांत पिकून गळत होते, ते आता कोणाचेच नव्हते. बकऱ्या मोकाट सुटल्या होत्या. पाणघोडे अंधार पडायच्या आधीच वर येऊन रताळ्यांच्या वाफ्यांत चरू लागले. आधी मी डबा बडवून त्यांना हाकलत होते. मग सोडून दिलं.

आत्या दिवसभर काही ना काही करत असे. घास भरवायचा, कूस बदलायची, गवत बदलायचं, पाणी आणायचं. ती मला काम सांगे आणि मी करी. आम्ही दोघी भांडलोही नाही, रडलोही नाही. पुढे काय, असं मी तिला एकदाही विचारलं नाही, आणि का विचारलं नाही म्हणाल तर तेही सांगता येत नाही. विचारावंसं वाटलं नाही.

एका सकाळी काझिब्वेनं डोळे उघडले. अगदी स्वच्छ नजर होती. त्यानं कान दिला आणि म्हणाला, "गाव इतकं शांत का आहे?"

"सगळे मासे धरायला गेलेत," आत्या म्हणाली.

"मला का नाही उठवलं?"

"उठवलं होतं. तू उठला नाहीस."

"उद्या पाणी मार तोंडावर," तो म्हणाला आणि त्यानं डोळे पुन्हा मिटले.

त्यानंतर तो बोलला नाही. काही दिवसांनी, आत्या केळ्याचा रस त्याच्या ओठांना लावत असताना, तो गेला. रस ओघळून गळ्यावर आला तेव्हा तिला कळलं. तिनं तो पदरानं पुसला, उरलेली वाटी माझ्याकडे दिली.

"पी."

मी प्यायले.

मग ती उठली आणि कायीराच्या बागेतल्या उंबराकडे गेली. माझ्या वडिलांची साल कुटायची हत्यारं आगीत गेली होती, पण कायीराच्या पडक्या मांडवात ओंडका आणि दोन मोगऱ्या सापडल्या. बाईमाणसानं मोगरीला हात लावायचा नसतो. आत्यानं सुरीनं साल काढली. लहानपणी बापाच्या मांडवाबाहेर बसून तिनं ते शंभरदा पाहिलं असेल, पण पाहणं वेगळं. साल दोन ठिकाणी फाटली. ती देवळापुढे आणलेल्या ओंडक्यावर घालून आत्या कुटायला लागली. ती थकली की मी कुटे.

रिकाम्या बेटावर मोगरीचा आवाज फार लांब जातो. पाण्यावरून तर त्याहून लांब. संध्याकाळच्या आत पहाऱ्याची होडी आली. तीन शिपाई आणि त्यांच्यासोबत योवाना. बेटांवर लपलेल्यांना नोटीस समजावून सांगायला सरकारनं त्याला ठेवला होता.

त्यानं आम्हाला पाहिलं. ओंडक्यावरची साल पाहिली, हातभर सुद्धा पसरली नव्हती. देवळाच्या दारातून आत पाहिलं.

"कधी?"

"आज," मी म्हणाले.

मोठा शिपाई मागून ओरडला, "वाच की, बघत काय उभा आहेस?"

योवानानं खिशातून कागद काढला. 'बेटावरील सर्व रहिवाशांनी' इथपासून 'शिक्षा होईल' इथपर्यंत सगळं वाचलं. आत्या तेवढा वेळ मोगरी मांडीवर घेऊन बसली होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ऐकलं." आणि परत कुटायला लागली.

"ए बाई! ऊठ!" शिपाई म्हणाला.

"मुडदा आहे आत," योवाना त्याला म्हणाला. "झोपेचा. असाच टाकून गेलो तर डॉक्टर विचारेल. होडीत घालून नेणार आहात का?"

शिपायानं होडीकडे पाहिलं, मग देवळाकडे. "अंधाराच्या आत उरका," म्हणाला आणि केळीखाली जाऊन बसला. बाकीचे दोघे पिकलेली केळी खाऊ लागले.

योवानानं अंगातला पांढरा झगा काढून देवळातल्या बाकावर ठेवला. आत्याच्या हातातली मोगरी घेतली. "असं नाही आत्या, कडेपासून मध्ये यायचं," एवढं बोलला. त्यालाही सवय उरली नव्हती. शाळेत गेल्यापासून त्यानं मोगरी धरली नसावी. तळहाताला फोड आले, फुटले, तरी तो कुटत राहिला. मी साल ओढून धरत होते. आत्या जमीन खणत होती. एका तरुण शिपायानं मध्येच उठून तिच्या हातातली कुदळ घेतली, खड्डा पुरता केला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.

वल्कल ओलंच होतं आणि कमी पडलं. काझिब्वेचे पाय घोट्यापासून खाली उघडे राहिले. त्यांना आम्ही केळीची पानं गुंडाळली. योवाना प्रार्थना म्हणणार होता. आत्या म्हणाली, नको, वाचणं पुष्कळ झालं. माती लोटून आम्ही होडीत बसलो.

किनाऱ्यावर डॉक्टरनं आमच्या माना चाचपल्या. गाठी नव्हत्या. साहेबानं हुकूम मोडल्याबद्दल आम्हाला महिनाभर ठाण्याच्या आवारात गवत कापायची शिक्षा दिली. गवत उंच होतं आणि काम जड नव्हतं. सुटल्यावर आम्हाला पाण्यापासून दूर एका टेकडीवर जागा दिली. तिथे आमच्या बेटाची पाच-सहा घरं होती. कायीरा पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला होता. आमचं गाठोडं त्याच्या घरी ठेवलेलं मिळालं, गाठही न सोडलेलं.

आत्या त्या टेकडीवर म्हातारी झाली. माझं लग्न तिनंच लावलं. तिच्या रताळ्यांना चांगले कंद धरत, शेजारणी बियाणं मागायला येत. काझिब्वेचं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नाही. माझ्या थोरल्याला ते ठेवू का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमच्या कुळातलं ठेवा."

खूप वर्षांनी, माझी मुलं मोठी झाल्यावर, माश्या कमी झाल्या म्हणून परत जायची परवानगी आली. योवानाच वाचायला आला. त्याचे केस पिकले होते आणि कागद तो आता हातभर लांब धरायचा. आत्या घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिनं ऐकून घेतलं.

"जेवून जा," ती त्याला म्हणाली.

"आत्या, तुम्ही येणार ना?"

"पोरीला विचार. ती जाईल." शेंगांकडे बघतच ती म्हणाली. "माझा इथे घेवडा लागलाय."

मी आणि नवरा गेलो. देवळाच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. बागा रानानं खाल्ल्या होत्या. काझिब्वेला पुरलं ती जागा मी दोन दिवस शोधली. तिथे आता सगळीकडे सारखीच झाडं होती. मग नवरा म्हणाला, घर आधी बांधू या, पाऊस येईल. आम्ही धक्क्यापासून थोडं वर घर बांधलं. पहिल्या वर्षी केळी धरली नाहीत. दुसऱ्या वर्षी धरली.