धावपट्टी मोकळी नाही

मी विमानतळाच्या टॉवरमधली लाल पट्टी बोलतेय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, प्लॅस्टिकची. नियंत्रकाच्या टेबलावर एक तिरकी फळी असते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक विमानाच्या नावाची चिठ्ठी तिच्या खाचांत ओळीने बसते. माझ्यावर मात्र कुणाचंच नाव नाही. मी मधल्या खाचेत बसले, की त्याचा अर्थ एकच: धावपट्टी अडलेली आहे, दुसऱ्या कुणाला उतरायला सांगू नका. एक विमान उडालं, की मला काढायचं. दुसरं आलं, की पुन्हा बसवायचं. दिवसातून चारशे वेळा तरी मला माणसांची बोटं लागायची.

बोटांवरून माणूस कळतो. कुणी मला आपटायचे, कुणी माझ्याशी चाळा करत जांभया द्यायचे. ताईंची बोटं कोरडी आणि शांत. बारा वर्षं त्या नियंत्रकाच्या खुर्चीत बसत होत्या. त्यांच्यामागे उभे असायचे ते पाळीचे प्रमुख. त्यांना सगळे काका म्हणत. निवृत्तीला चार महिने उरले होते, पण नजर घारीची.

त्या दिवशी सकाळपासून हवा धुरकट होती. नऊ विमानं उडायला रांगेत उभी. तशात खालच्या मजल्यावरच्या साहेबांचा फोन आला.

"ताई, रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढतेय. दोन उतरणाऱ्यांच्या मध्ये एखादं घुसवा की!"

"बघते, साहेब."

आठ किलोमीटरवर एक विमान उतरायला येत होतं. तेवढ्यात एक उडून जाईल, असा ताईंनी हिशेब केला. रांगेतल्या पहिल्याला धावपट्टीवर घेतलं, मला खाचेत बसवलं आणि त्याला उडायची परवानगी दिली.

"निघालो," तो वैमानिक म्हणाला.

पुन्हा खालून साहेबांचा फोन वाजला. ताईंनी एका हाताने फोन उचलला आणि दुसऱ्या हाताने मला खाचेतून काढून बाजूला ठेवलं. येणाऱ्याला सांगितलं, "उतरा."

मला ओरडावंसं वाटलं. पण प्लॅस्टिकला कुठलं तोंड!

"गेला का गं तो?" काकांनी मागून विचारलं.

"निघालो म्हणाला ना."

"म्हणाला ते मीही ऐकलं. दिसला का?"

ताईंनी फोन टाकून दुर्बीण डोळ्यांना लावली. धुरकट हवेत, धावपट्टीच्या तोंडाशी, ते विमान जागच्या जागी उभं होतं. निघता निघता त्याच्या वैमानिकासमोर धोक्याचा दिवा लागला होता, आणि तो त्यातच गुंतला होता. मागून येणारं आता दोन किलोमीटरवर होतं. अर्धं मिनिट.

"उतरू नका! वर चढा!"

नेमकं त्याच क्षणी उभ्या विमानाच्या वैमानिकानेही बोलायला तोंड उघडलं. दोन आवाज एकावर एक पडले, आणि रेडिओतून नुसती कर्कश किंकाळी आली. येणाऱ्याकडून उत्तर नाही.

ताईंचा आवाज चढला नाही. उलट एकेक शब्द सुटा झाला. "उतरणारं विमान, वर चढा. धावपट्टी मोकळी नाही. वर चढा."

एक श्वास गेला. दुसरा गेला.

"वर चढतोय."

"उभं असलेलं विमान, जागचे हलू नका."

धुरकट हवेतून ते बाहेर आलं तेव्हा आमच्या काचांच्याही खाली होतं. चाकं पसरलेली. खालच्या विमानाच्या डोक्यावरून ते गर्जत गेलं, आणि आमच्या काचा थरथरल्या. चाकं पोटात घेत ते वर गेलं, लहान झालं, दिसेनासं झालं.

काकांनी दुसऱ्या नियंत्रकाला खुर्चीत बसवलं.

थोड्या वेळाने साहेब जिना चढून वर आले. "वैमानिकच निघालो म्हणाला ना? मग तसंच लिहा अहवालात. तुमचा काय दोष?"

"लाल पट्टी मी काढली, साहेब. त्याने नाही."

"अहो, पण स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय?"

"तेवढंच लिहिणार नाही. फोन तुम्ही केलात, तेही लिहिणार आहे."

साहेब आले तसे जिना उतरून गेले. काका खिडकीबाहेर बघत राहिले, पण त्यांचा हात ताईंच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

चौकशी झाली. ताई दोन महिने त्या खुर्चीपासून लांब होत्या. त्या काळात टॉवरमध्ये त्यांच्याबद्दल बरंच कुजबुजलं गेलं, ते मी सांगणार नाही. पण खालचा फोन नियंत्रकाच्या टेबलावर यायचा बंद झाला, तो कायमचा. ताई परत आल्या, तेव्हा पहिल्या विमानाला त्यांनी मला काढलं ते चाकं जमिनीवरून सुटलेली बघूनच. बोटं आता थोडी ओलसर लागत होती.

हल्ली फळी गेली, पडदे आले. लाल रेघ पडद्यावरच उमटते. मी प्रशिक्षणाच्या खोलीत एका टेबलावर पडून असते. कडा झिजल्यात, रंग विटलाय. तक्रार नाही.

एकच मागणं आहे. त्या दिवशी वर गेलेल्या विमानात एकशे बासष्ट माणसं होती. ती अठरा मिनिटांनी सुखरूप उतरली, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी उशीर झाला म्हणून लेखी तक्रार केली. कधी तुमचंही विमान उतरता उतरता पुन्हा आभाळात गेलं, तर घड्याळाकडे बघून चडफडू नका. खाली कुणीतरी नुकतंच, अगदी वेळेवर, खिडकीबाहेर पाहिलेलं असतं.