ग्रीक शिकलेली बाज

मी एक जुनी बाज आहे. कामरगावात एका टिनाच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली. मित्रांनो, हसू नका, पण मला ग्रीक भाषेतली अकरा क्रियापदं येतात. मी ती हौसेनं शिकले नाही. शिकले ती मात्र आता विसरता येत नाहीत.

माझे पाय बाभळीचे. मला विणलं शेषरावांनी, अंबाडीच्या सुतळीनं. गावातल्या निम्म्या बाजा त्यांच्याच हातच्या. वापरून वापरून बाज सैल पडते, मधे झोळ येतो. मग पायथ्याच्या दोऱ्या ओढून ती ताणावी लागते. शेषराव मला दर पंधरा दिवसांनी न चुकता ताणत. पाहुणे माझ्यावर बसून म्हणत, "बाज हाये का फळी!" तेव्हा मला केवढा तोरा चढायचा!

मग एके दिवशी शेषराव शेतात घसरून पडले, त्यांची कंबर मोडली आणि ते माझ्यावरच खिळले. त्यांची मुलगी पल्लवी नर्सिंग शिकलेली. सायप्रस नावाच्या बेटावर ग्रीक बोलतात. तिथं एका म्हाताऱ्या माणसाची सेवा करायचं काम तिला मिळत होतं. अट एकच, रोजच्या वापरातली क्रियापदं यायला हवीत. तिनं चिठ्ठ्या लिहून माझ्या लाकडावर डकवल्या आणि सराव सुरू केला तो बापावरच. पाणी पाजताना "पीनो", भरवताना "त्रोओ", निजवताना "किमामे".

"बाबा, मी 'पोनास?' म्हनीन. म्हंजे 'दुखते का?' तुमी 'पोनाओ' म्हना, दुखते."

"पन मले कुठी दुखते?"

"नसन दुखत तरी म्हना. खेळ हाये."

मग शेषराव मोठ्यानं "पोनाओ!" म्हणत आणि बापलेक हसत सुटत. या माणसानं उभ्या आयुष्यात मराठीत कधी "दुखते" म्हटलं नव्हतं. खेळात मात्र म्हणायची मुभा होती.

पल्लवी गेली. तिची आई भागिरथाबाई सोयाबीन सोंगायला मजुरीनं जाऊ लागली. मला ताणायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. महिन्याभरात माझा पार झोळ झाला, आणि सुतळीची एक गाठ नेमकी शेषरावांच्या कमरेखाली आली. मित्रांनो, त्यांना टोचत होते ती मीच. हे सांगताना आजही मला लाज वाटते.

संध्याकाळी भागिरथाबाई विचारे, "कसं वाटून राह्यलं?"

"काई नाई, बरं हाये. पाठ पुसू नोको, तू थकली असशीन."

दमलेली ती बाई चुलीकडे वळे. दुपारी घर रिकामं असलं की मात्र शेषराव भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणत, "पोनाओ." ऐकायला मी एकटी, आणि मला ना हात ना तोंड.

एका रविवारी पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. भागिरथाबाईनं मोबाईल शेषरावांसमोर धरला.

"बाबा, दुखते का?"

"नाई पोरी, मस्त हाये."

तेवढ्यात तिकडचा म्हातारा कण्हला. पल्लवीनं त्याच्याकडे वळून मायेनं विचारलं, "पोनास?"

"पोनाओ," इकडून शेषराव म्हणाले.

प्रश्न त्यांना नव्हताच. पल्लवी गर्रकन मोबाईलकडे वळली. ती ओरडली, "आई, बाबाले कुशीवर कर! पाठ पाह्य त्याईची!"

जखम तळहाताएवढी झाली होती.

वाशीमला दवाखान्यात नेलं, पण जखमेचं विष अंगात भिनलं होतं. शेषराव परत आले नाहीत. पल्लवीला तेव्हा सुट्टी मिळाली नाही. ती आली वर्षानं. आल्या आल्या तिनं मला शेडमधून बाहेर काढलं आणि हात सोलवटेपर्यंत माझ्या दोऱ्या ओढल्या.

"आता कायले तानून राह्यली वो पोरी? कोन निजते तिच्यावर?" आईनं विचारलं. पल्लवीनं पुढची दोरी ओढली.

मी आज पुन्हा फळीसारखी ताठ आहे, पण परत त्याच शेडमध्ये; माझ्यावर कुणी बसत नाही. मित्रांनो, घरातल्या बाजेच्या दोऱ्या वेळेवर ओढत जा. आणि "काई नाई" म्हणणाऱ्या माणसाला एकदा कुशीवर वळवून बघत जा. दुखतंय हे सांगायचा शब्द शेषराव म्हातारपणी शिकले होते. तो ऐकायला घरात होती फक्त एक बाज.