परमिट कुंदनच्या नावावर

पहिल्या दिवशी मी परमिट कुंदनच्या नावावर लिहिलं, आणि मुद्दाम लिहिलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात चूक कोणाची, याची उगाच शोधाशोध नको.

परमिट म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगता येतं. आमच्या सबस्टेशनातून निघणाऱ्या लाईनीवर कोणाला काम करायचं असेल तर मी ती लाईन बंद करते, कुलूप घालते, स्विचच्या हँडलला त्या माणसाच्या नावाची लाल पाटी लावते, रजिस्टरात त्याची सही घेते, आणि मगच तो खांबावर चढतो. काम झालं की त्याच माणसाने परमिट परत करायचं. त्याच्या साहेबाने नाही, भावाने नाही, बाजूला उभं राहून 'झालं झालं' म्हणणाऱ्याने तर नाहीच. खालचा कोणी 'झालं' म्हणतो तेव्हा वर एखादा चढलेलाच असतो, म्हणून हा नियम आहे.

कंत्राटदाराची गँग फेब्रुवारीत आली. आसगावच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आमचं सबस्टेशन. तिथे जुन्या ट्रान्सफॉर्मरशेजारी नवा बसवायचा होता आणि त्याची नवी लाईन कालव्याकाठाने चार किलोमीटर ओढायची होती. गँगचा मुकादम इश्वर. पोट सुटलेला, तोंडाचा मोकळा, वाईट नाही. त्याच्या मागून पिकअपमधून उतरला तो कुंदन ठवकर. नऊ वर्षांनी.

आम्ही तुमसरच्या आयटीआयला एकाच वर्गात होतो. इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला दोनच मुली, त्यातली एक दिवाळीनंतर यायची बंद झाली. मी चिवटपणे राहिले. कुंदन चिखल्याचा. त्याचे वडील मँगनीजच्या खाणीत खाली उतरायचे आणि हा म्हणायचा, आपण उलटं करू, वर चढू. मी पहिल्यांदा पट्टा बांधून खांबावर चढले तेव्हा खाली दोर धरून तोच उभा होता. सगळी पोरं हसत होती, हा वर बघत होता. शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी तो म्हणाला, "रिझल्टले येजो. तवा एक सांगाचं हाये तुले."

रिझल्टला मी गेले. तो आधीच एका टॉवर गँगबरोबर छत्तीसगडला निघून गेला होता. मला नोकरी लागली, पॅनलसमोरची खुर्ची मिळाली, तीन स्थळं आली आणि तिन्ही मी काही ना काही खोट काढून परत पाठवली. आईला वाटायचं मी शिष्ट आहे. शिष्ट वगैरे काही नाही. मला फक्त ते एक वाक्य ऐकायचं होतं. नऊ वर्षं एका वाक्यासाठी अडून बसणारी बाई शहाणी नसते हे मलाही कळतं.

तर परमिट. मुकादम म्हणून ते इश्वरच्या नावावर जायला हवं होतं. पण लायसन कुंदनकडेही होतं. मी म्हटलं, "यांच्या नावावर लिहिते, खांबावर तेच असतात." इश्वरला आनंदच झाला, दिवसातून दोनदा ऑफिसच्या पायऱ्या चढायचं वाचलं. आणि ज्याच्या नावावर परमिट, त्याला सकाळ-संध्याकाळ माझ्या खिडकीशी यावंच लागतं. मी वेणी रोज नव्याने घालायला लागले. घरून डब्यात दोन भाकरी जास्तीच्या यायला लागल्या, त्या कोणी मागितल्या नाहीत आणि मीच परत नेल्या.

तीन आठवडे तो माझ्या खिडकीशी आला. "मॅडम, परमिट." सही. "चहा घेता?" "नको जी, लोकं वाट पाहून राहिले." संपलं. आयटीआयला मला 'तू' म्हणणारा माणूस आता गँगसमोर 'मॅडम' म्हणायचा, आणि गँग नसतानाही मॅडमच म्हणायचा. मीही 'तुम्ही' म्हणायचे. कोणी सुरुवात करायची हेच ठरेना.

पण काम बघावं तर त्याचं. फाटक अरुंद, क्रेन आत येईना, तर त्याने लाकडी स्लीपर आणि रूळ अंथरून, जॅक आणि चेनपुली लावून तो आठ-नऊ टनांचा ट्रान्सफॉर्मर बोटा-बोटाने ओट्यावर सरकवला. अर्धा दिवस लागला, पण रंगाचा टवकाही उडाला नाही. तेल दोन दिवस मशीनमधून गाळलं आणि नमुना तपासल्याशिवाय पुढे पाऊल टाकलं नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ थरावर थर टाकताना मजुरांनी घाई केली तेव्हा त्याने खड्डा परत उपसायला लावला. म्हणाला, "हा खड्डा कोणाले दिसत नाही. पण यानंच माणूस वाचते."

तार ओढली की ती किती सैल ठेवायची, हे बहुतेक गँगवाले डोळ्याने ठरवतात. उन्हात तार लांबते, थंडीत आखडते. जास्त ताणली तर हिवाळ्यात तुटते, कमी ताणली तर वाऱ्यात एकमेकींना लागतात. कुंदन खांबावर बसून तारेला काठीने एक टोला द्यायचा, तारेवरून लाट पलीकडच्या खांबापर्यंत जायची आणि परत यायची. तिच्यावर बोट ठेवून घड्याळात बघत तो मोजायचा, एक, दोन, तीन, आणि त्यावरून झोल काढायचा. पुस्तकात हे आम्ही दोघेही शिकलो होतो. करताना मी फक्त त्याला पाहिलं. तारेकडे एवढं लक्ष देणारा माणूस माझ्याकडे बघायची वेळ आली की रजिस्टरात बघायचा. मला राग यायचा, आणि राग आला तरी संध्याकाळी मी खिडकी उघडीच ठेवायचे.

शेवटचा दिवस आला. नवी लाईन एका ठिकाणी गावांना वीज नेणाऱ्या जुन्या लाईनीच्या, आसगाव फीडरच्या वरून जाणार होती, म्हणून तो फीडर दिवसभर बंद. सकाळी नऊला कुंदनने सही केली. परमिट नंबर एकशे बारा. चौदा गावं त्या फीडरवर, त्यात मार्च महिना, उन्हाळी धानाला पाणी हवं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, चारला लाईन येईल. आणि स्वतःला सांगून ठेवलं होतं, संध्याकाळी तो परमिट परत करायला आला की विचारायचंच. लाजबीज गेली खड्ड्यात. उद्या गँग निघून गेली की पुन्हा नऊ वर्षं थांबायची माझी तयारी नव्हती.

चारला इश्वर आला. एकटाच.

"झालं जी मॅडम काम. करा लाईन चालू."

"कुंदन कुठे आहे?"

"थो गेला दुपारीच. पिकअप पवनीले जात होती, बसला तिच्यात. मी देतो ना परमिट, आना रजिस्टर."

"तुमच्या नावावर नाही ते."

इश्वर हसला. "माह्या नावावर लिहिलं असतं त आता सही करून मोकळा झालो असतो. तुमीच त रोज त्याच्या नावावर लिहिता." त्याला सगळं ठाऊक होतं. बहुधा पूर्ण गँगला ठाऊक होतं.

मी विचारलं, "अर्धं काम टाकून कायले गेला?"

"पोरगी पाहाले. नाकाडोंगरीची हाये. घरच्यायनं दोनदा बलावलं, हा जातच नोता. आज मीच म्हटलं, जा बा, आता त तारा जोडाचे चार जंपर राहिले." मग जरा थांबून म्हणाला, "जाताना तुमच्या खिडकीपाशी उभा होता. तुमी फोनवर होत्या, मंग परतला."

पिकअप साडेबाराला गेली. तेव्हा मी भंडाऱ्याच्या ऑफिसला बाराचं रीडिंग देत होते, खिडकीकडे पाठ करून. मला आठवतं, त्या दिवशीचे आकडे मी दोनदा वाचून दाखवले होते, कारण पलीकडच्याला नीट ऐकू येत नव्हतं. आयुष्यात मला एखाद्या व्होल्टेजच्या आकड्याचा इतका संताप कधी आला नाही.

कुंदनचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. नाकाडोंगरीकडे जंगल, रेंज येते-जाते. पुन्हा लावला, तेच. साडेचारला आसगावच्या शेतकरी भैयाजींचा फोन आला, "मॅडम जी, चार वाजता येते म्हनल्या, कवा येते लाईन? धानाच्या बांधीत भेगा पडून राहिल्या." पाचला दुसऱ्या गावाचा, मग तिसऱ्या. सव्वापाचला आमच्या साहेबांचा. "अहो, मुकादम समोर उभा आहे ना? सांगतोय ना काम झालं? द्या चालू करून." मी म्हटलं, "साहेब, परमिट ज्याचं त्यानेच परत करायचं असतं." ते म्हणाले, "नियम मला शिकवू नका." मी म्हटलं, "मग तुम्ही तसं लिहून द्या." त्यांनी फोन ठेवला.

बाहेरून मी नियमाची पक्की दिसत असेन. खरं सांगते, निम्माच नियम होता. बाकी निम्मं हे होतं, की हँडलला त्याच्या नावाची लाल पाटी लटकत होती आणि ती काढेपर्यंत तो माझ्या सबस्टेशनातला होता. तिकडे त्याच्यासमोर कोणी पोरगी पोह्यांची ताटली घेऊन येत असेल, पण इकडे माझ्या रजिस्टरात तो अजून कामावर होता. चौदा गावांचं पाणी अडवून मी एका माणसाला धरून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी पाटीकडे बघणं सुटेना.

पावणेसहाला मी उठले. म्हटलं, बास झालं हर्षा, लोकांचं धान वाळवायचा तुला काय हक्क. इश्वरला पुन्हा विचारलं, "सगळी माणसं खाली?" "सगळी. सात." "सामान?" "सगळं मोजलं जी." मी कुलपाची चावी हातात घेतली. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, कुंदन बोलून राहिलो. लाईन चालू नका करू."

धापा लागल्या होत्या त्याला. रेंजसाठी कुठेतरी उंचावर चढला असावा.

"कालव्याच्या पल्याड सातव्या खांबावर माही अर्थिंगची साखळी हाये. जास्तीची. सकाळी मीच लावली, कोणाले सांगतलं नाही. पोरं तिथंच खाली तार गुंडाळत असतीन."

ती साखळी तार जमिनीला जोडून ठेवते; लाईन चालू केली असती तर भडका तिथेच, पोरांच्या डोक्यावर उडाला असता. मी चावी टेबलावर ठेवली. "नऊ वर्षं गँगवर काढली आणि परमिट उघडं टाकून जाता?" मी ओरडले नाही, पण इश्वर दचकला.

"डोकं ठिकाणावर नोतं सकाळपासून," तो म्हणाला. कशामुळे ते म्हणाला नाही.

इश्वरचा चेहरा उतरला होता. तो मोटरसायकल घेऊन पळाला. वीस मिनिटांनी साखळी खांद्यावर टाकून परत आला, मागून पिकअपमध्ये सात माणसं. त्याने माझ्यासमोर कुंदनला फोन लावला, साखळी सांगितली, माणसांची नावं एकेक सांगितली, आणि फोन माझ्या हातात दिला.

माणूस समोर असेल तर परमिट सहीने परत होतं, बोलावं लागत नाही. फोनवर मात्र पूर्ण वाक्यं म्हणावी लागतात, आणि ऐकणाऱ्याने तीच वाक्यं पुन्हा म्हणून खात्री करायची असते. एकाचं ऐकण्यात चुकलं तर दुसऱ्याचा जीव जातो, म्हणून.

"मी कुंदन ठवकर," तो सावकाश म्हणाला. "परमिट नंबर एकशे बारा, आसगाव फीडर. माही सगळी मानसं खाली उतरली. माह्या साखळ्या, सामान, सगळं काढलं. लाईनीवर आता माहं काही नाही."

आता माझी पाळी होती. त्याच्या मागे, खाली कुठेतरी, कोणीतरी कपबशा गोळा करत होतं, एक बाई "पाव्हणे, या ना खाली" म्हणत होती. इश्वर माझ्याकडे बघत होता. सात माणसं दारात उभी होती.

"कुंदन ठवकर," मी म्हटलं. "परमिट नंबर एकशे बारा, आसगाव फीडर. तुमची सगळी माणसं खाली उतरली. साखळ्या, सामान, सगळं काढलं."

पुढचं वाक्य तोंडातून निघेना. त्याच्याऐवजी दुसरं काही विचारता आलं असतं, ते ओठावर होतं. फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. दुसऱ्या फोनवर भैयाजींची रिंग सुरू झाली.

"लाईनीवर आता तुमचं काही नाही," मी म्हटलं. "बरोबर?"

"हर्षा," तो म्हणाला.

मी थांबले. जितकं थांबता येईल तितकं थांबले.

"बरोबर," तो म्हणाला.

सहा बावीसला मी रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'परत' असं लिहिलं, लाल पाटी काढली आणि चौदा गावांची लाईन चालू केली.