शाळेत भरलेलं कोर्ट

शिपायाने तिसऱ्यांदा पुकारा केला, तरी कोणी आलं नाही. साहेब आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत, चरफडत उठून गेले. राज्य त्यांचं होतं, खुर्ची त्यांची होती. पक्षकार तेवढे उरले नव्हते. स्वातंत्र्यवाल्यांनी शाळेत स्वतःचं कोर्ट काढल्यापासून गाव तिकडेच लोटत होतं. तिथे न्यायाला एक शिंपी बसे, आणि निकाल त्याच दिवशी देई.

शिरस्तेदार कागद आवरत असताना त्याची विधवा बहीण दारात येऊन उभी राहिली.

"दादा, माझा खोल्यांचा दावा शाळेत नेलाय. उद्या भावजीही येणार आहेत. मामंजींच्या शेवटच्या वेळी उशाशी तूच होतास. साक्षीला ये."

"माझी नोकरी घालवतेस का? आणि त्यांचा निकाल मानतो कोण?"

"सगळे मानतात. तुझ्या कोर्टाने सात वर्षांत तारखांशिवाय काय दिलं?"

ती गेली. त्याला संताप आला, पण तो कोणावर काढावा हेच कळेना. तारखा साहेबांनी नव्हे, त्यानेच लांबवल्या होत्या. मरताना म्हाताऱ्याने दोन्ही खोल्या धाकट्या मुलाला, म्हणजे बहिणीच्या दिराला, दिल्याचं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. निकाल लागला की बहीण उघड्यावर येणार, म्हणून तो दर खेपेला तिची फाईल गठ्ठ्याच्या तळाशी सरकवी. परक्यांच्या ढिसाळ कारभाराला चारचौघांत शिव्या घालायच्या आणि त्याच्याच आडोशाला बसायचं, असा हा सात वर्षांचा उद्योग होता.

दुसऱ्या दिवशी तो मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून बसला. समोर बहीण होती, पलीकडे तिचा दीर.

"खरं काय ते सांगा, म्हणजे झालं," शिंपी म्हणाला.

शिरस्तेदाराला सबबी शंभर पाठ होत्या. इथे एकही चालणारी नव्हती.

"खोल्या धाकट्याला दिल्या," तो म्हणाला.

बहिणीला घर सोडायला महिन्याची मुदत मिळाली. बाहेर पायरीवर तो तिच्याकडे बघेना.

"मला अंदाज होता," ती म्हणाली.

"मग मला कशाला बोलावलंस?"

"एकदाचं कोणीतरी सांगावं म्हणून." तिने पदर खांद्यावर घट्ट ओढला. "पण ठाऊक असून तू सात वर्षं लपवशील, हे नव्हतं वाटलं. तेव्हाच सांगायचंस, दादा. तेव्हा हातपाय धड होते माझे. दुसरीकडे चूल मांडली असती."