निळा दोरा

भिंगरीला दात येत होते, त्यामुळे हाताला लागेल ते तिच्या तोंडात. आजोबांनी शिवत आणलेल्या नव्या झबल्याची कड ती चघळत होती, तेव्हा एरवी तिची आई नुसती हसली असती. पण आईची नजर शिवणीवर गेली आणि तिच्या काळजात धस्स झालं. दोरा निळा होता.

तिच्या सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षं कपडे शिवलेला माणूस, आणि कॅन्सरची गाठ झाली ती नेमकी जिभेवर. जीभ अशी जखडली की दातांबाहेर निघेना. डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सुचवला, अजून चाचणीतला.

"मास्तर, पेशींची वाढ थांबवणारं जनुक बिघडलंय. त्याची चांगली प्रत आम्ही दुबळ्या केलेल्या विषाणूत घालून सुईने थेट गाठीत सोडणार. तो गाठीच्याच पेशींना चिकटेल असा घडवलाय."

"म्हणजे माप गाठीचं," मास्तर बोबड्या बोलीत म्हणाले. "नाही बसलं तर उसवून द्याल ना?"

चार इंजेक्शनं झाली. अट एकच होती: विषाणू लाळेत उतरू शकतो, तेव्हा लाळेचा अहवाल स्वच्छ येईपर्यंत बाळाला जपायचं. पेला वेगळा, टॉवेल वेगळा, पाप्या बंद. सुनेने हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. वर आपल्या मनाने एक कलम जोडलं. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक जिभेला लावायची मास्तरांची जुनी खोड. उगाच विषाची परीक्षा कशाला? म्हणून रोज सकाळी ती स्वतः दहा सुया ओवून ठेवी. सगळ्या पांढऱ्या दोऱ्याच्या.

"बाबा, हा दोरा कुणी ओवला?"

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. "निळ्या झबल्याला पांढरा दोरा? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक आठ महिन्यांचं आहे! आणि ते तुमचा दोरा चघळतंय!"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई... हात आपसूक गेला गं तोंडाशी. ध्यानातच आलं नाही."

तिने झबलं ओढून घेतलं, पोरीचं तोंड पुसलं आणि फोन लावला. भिंगरीने भोकाड पसरलं होतं, त्यामुळे तिला सगळं दोनदा सांगावं लागलं.

"कधी शिवलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काल. बुधवारी."

"मग श्वास घ्या. सोमवारी घेतलेल्या लाळेचा अहवाल आत्ताच आलाय. स्वच्छ आहे. मी कळवणारच होते."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे अगदी नक्की ना?"

"अगदी. झबलं धुऊन टाका." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "टोक जिभेला लावलं म्हणालात? त्यांची जीभ तर बाहेर येत नव्हती."

ती सासऱ्यांकडे वळली. इतका वेळ दोरा दोरा करत तिने जिभेचा विचारच केला नव्हता.

"बाबा, कसा ओवलात ते दाखवा बरं."

"आता पंचनामा पण का?" म्हणत त्यांनी सुई उचलली. ओठांमधून जिभेचं टोक हळूच पुढे आलं, दोऱ्याला टेकलं आणि आत गेलं. दोरा पहिल्याच फटक्यात नेढ्यातून पार. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी जीभ दाखवा म्हटल्यावर या माणसाच्या डोळ्यांतून नुसतं पाणी आलं होतं.

"आली," ती फोनमध्ये म्हणाली.

"दातांबाहेर?"

"ओठांबाहेर!"

"उद्याच घेऊन या, गाठ मोजू. पण इतक्यात बरे झाले म्हणू नका हं."

"नाही म्हणत," ती म्हणाली आणि पदराआड तोंड करून हसली, रडली, काय केलं तिलाच कळलं नाही.

"झबल्याची एक बाही राहिलीय," मास्तर चाचरत म्हणाले. "निळ्याने शिवू?"

"शिवा. पण ओवणार मीच."

तिने नवी सुई घेतली. पण डोळे पुसायचेच राहिले होते; दोरा नेढ्याच्या एकदा डावीकडून जाई, एकदा उजवीकडून.

मास्तरांना शेवटी राहवेना.

"अगं, टोक ओलं कर की जरा!"