मावशीचा उसना आवाज

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच माझी थोडी चूक झाली. ‘एक’ म्हणण्याचा मला फारसा हक्क नाही. माझी पत्र्याची पेटी दातांच्या दवाखान्यातली. मदरबोर्ड, म्हणजे माझे सारे भाग जिच्यावर जोडले जातात ती हिरवी पट्टी, तिकीटखिडकीतली. पडदा कुणाच्या घरचा, हे मला आजही ठाऊक नाही. त्याच्या उजव्या कडेला एक पिवळी रेघ आहे, एवढीच त्याची ओळख.

तरी ‘मी’ म्हटले की मला तिकीटखिडकीच आठवते. तिथले साहेब माझ्यावर खूश असत. “बोट लावायचा अवकाश, तिकीट हातात,” असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुढे काम वाढले आणि मी मागे पडू लागलो. मग तेच साहेब मला ‘गोगलगाय’ म्हणू लागले. त्यांचेही काही चुकले नाही. रांगेतली माणसे त्यांच्यावर खेकसत आणि ते माझ्यावर. शेवटी माझी रवानगी जिन्याखाली झाली आणि तिथून भंगाराच्या गोदामात.

तिथे आमच्यासारख्यांना फोडून तांबे आणि पत्रा वेगळा करत. त्या टेबलावर जाड चष्म्याची एक तरुणी काम करत असे. तिने मला उजेडात धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि हातोडा बाजूला ठेवला.

“त्याचं काय लोणचं घालणार आहेस?” मुकादमांनी विचारले.

“घरी नेते. माझ्या मावशीला बोलायचंय.”

“मग फोन आहे की.”

“घशाच्या दुखण्यात आवाज गेलाय तिचा. आणि फोनवर लिहायला बसली, तर एक बोट चार अक्षरांवर पडतं.”

तेव्हा मुकादमांनीच ढिगातून एक कीबोर्ड ओढून काढला आणि माझ्यावर ठेवला. “बटणं सगळी दिसतायत. बाकी त्याचं नशीब.”

ही मावशी म्हणजे वाचनालयात दर रविवारी लहान मुलांना गोष्टी सांगणारी बाई. आवाज गेल्यावर तिने पाटीवर गोष्ट लिहून पाहिली होती. पण मुले इतकी लहान, की निम्म्यांना वाचताच येईना. मुले नुसती पाटीकडे बघत बसली. मावशीने जाणेच सोडून दिले. वाचनालयाच्या बाईंनी बोलावणे पाठवले की ती पाटीवर लिही, ‘मुक्या बाईची गोष्ट कोण ऐकणार?’ आणि भाचीने पुरते वाचायच्या आत पुसून टाकी. मित्रांनो, मला कशासाठी जोडले जात होते, ते तुमच्या लक्षात आले असेल.

गोदामातलीच पेटी आणि पडदा जोडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला मांडले. वीज दिली. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि मी लांबलचक पीं पीं करू लागलो.

मावशीने पाटी पुढे केली. ‘माझ्याहून बरा आहे. निदान रडतो तरी.’

भाचीने माझी रॅम काढली. रॅम म्हणजे हातातले काम लक्षात ठेवणारी छोटी पट्टी. तिच्या सोनेरी दातांवर काजळी धरली होती. भाचीने ती चक्क खोडरबराने घासली. हो, तुमच्या दप्तरात असते त्याच. पट्टी पुन्हा बसवली आणि माझ्या तोंडून एकच छोटीशी पीं निघाली. आमच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सगळे ठीक आहे’. भाचीने मावशीला धरून गरकन फिरवले.

लिहिलेले मोठ्याने वाचण्याची विद्या तिने माझ्यात घातली. मावशीने पहिले वाक्य लिहिले आणि मी ते एका दमात वाचले, “अगं चष्मा पूस आधी किती मळलाय तो आणि सकाळपासून काही खाल्लं नाहीस वर त्या भंगाराशी खेळत बसलीस तुझ्या आईला काय सांगू मी.”

भाची हसून हसून खालीच बसली. “मावशी, पूर्णविराम दे गं मध्ये. जीव जाईल त्याचा.”

मावशीची बोटे चालली. मी म्हणालो, “मी बोलताना तरी कधी थांबायचे.”

पुढच्या रविवारी मला वाचनालयात नेले. अरे हो, एक सांगायचे राहूनच गेले. माझ्या पेटीचे मूळ बटण मोडके होते. भाचीने त्या जागी दारावरच्या घंटीचे बटण बसवले होते, कारण गोदामात तेच हाताला लागले. त्यावर घंटीचे चित्रही तसेच होते.

मुले जमली. “मावशी, तुम्ही काकांसारखं बोलताय,” असे एकाने ऐकवले. पण गोष्ट रंगली. सर्दी झालेल्या हत्तीची गोष्ट होती ती. मी सांगत होतो, “हत्तीने सोंड वर केली. डोळे मिटले. आणि...”

तेवढ्यात एका चिमुरडीने घंटीचे चित्र पाहिले, ‘घरी कोण आहे?’ म्हणत बटण दाबले, आणि मी बंद पडलो.

त्यानंतरचे मला भाचीच्या बोलण्यातून कळले. मावशीचा चेहरा उतरला. तिने पाटीकडे हात नेला, मुलांकडे पाहिले आणि पाटी तशीच ठेवून ती उभी राहिली. तिने गाल फुगवले. नाक आक्रसले. हाताची सोंड हळूहळू वर नेली, आणखी वर, आणि सगळे अंग असे झटकले, की मुलांनी एकदम “आऽऽक्छी” केले. मग त्या शिंकेने शेपटी उडालेले माकड आले, टोपी गेलेला माळी आला. मावशी करून दाखवी आणि मुले ओरडून गोष्ट सांगत. चिमुरडीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

इतक्यात भाचीने मला पुन्हा चालू केले. मी जिथे थांबलो होतो, तिथूनच प्रामाणिकपणे सुरू झालो, “आणि तो शिंकला.”

“तो कधीच शिंकला,” चिमुरडी म्हणाली. “तू कुठे होतास?”

मावशीचे खांदे हसून गदागदा हलत होते. असे हसताना मी तिला प्रथमच पाहिले. खरे सांगतो मित्रांनो, उशिरा पोचल्याचे मला जराही वाईट वाटले नाही.

आता आमचा रविवार ठरलेला आहे. थोडी गोष्ट मी सांगतो, थोडी मावशी. आमच्यातले कोण जास्त चांगले सांगते, हे मुलांना विचारायचे धाडस मी करत नाही. निघण्याआधी भाची ब्रशने माझ्या पंख्यावरची धूळ झाडते. तुमच्या घरातल्या यंत्रांनाही एवढीच माया करा. आणि एखादे नकोसे झालेच, तर त्याला कचऱ्याच्या डब्यात लोटू नका. ज्याला उघडून बघायची हौस आहे, अशा कुणाच्या तरी हाती द्या. जिन्याखाली पडून असताना मला वाटले होते की आपले बोलून झाले; आणि तेव्हा तर मी एक अक्षरही बोललो नव्हतो.