तोंडाला लावायला काहीतरी हलकं

“कोल्ड क्रीम पाहिजे का स्नो, ते आधी सांगा बाई,” दुकानदार म्हणाला.

कापडबाजारातल्या त्या दुकानात संध्याकाळची गर्दी होती. कडूबाईच्या मागं दोन बायका बांगड्यांसाठी ताटकळत उभ्या होत्या. तिनं काउंटरवरच्या दोन्ही बाटल्यांकडं पाहिलं. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवर एकेक गोरीपान बाई. अक्षर तर तिला एकही लागत नव्हतं.

“दोन्हीत फरक काय हाय?”

“कोल्ड क्रीम तेलकट असतं. थंडीनं तोंड उललं की लावतात. स्नो कोरडा. लावला की जिरून जातो.”

“तोंड उललंय बी, आन् मुरमं बी आल्यात.”

“एकाच तोंडावर?”

“व्हय.”

“मग अर्ध्या तोंडाला हे लावा, अर्ध्या तोंडाला ते,” दुकानदार म्हणाला आणि मागच्या बायका हसल्या. त्यातली एक मात्र कळवळ्यानं पुढं झाली. “अहो, थंडीचे दिवस आहेत. कोल्ड क्रीमच न्या. आमच्या घरी तेच असतं.”

एवढं ठामपणे कुणी सांगितलं की कडूबाईला बरं वाटायचं. तिनं कोल्ड क्रीम घेतलं, पदरात बांधलं आणि केडगावची वाट धरली. तीन दिवसांनी तिच्या लेकीच्या, विशाखाच्या गालांवर, होती त्याच्या दुप्पट मुरमं उठली.

बहात्तर साल संपून त्र्याहत्तर लागलं होतं. पाऊस पडलाच नव्हता, आणि माघाचा कोरडा वारा माणसांच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही शोषून नेत होता. केडगावच्या नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही दोन घागरी भरेपर्यंत. विशाखा एकोणीस वर्षांची. नगरच्या अध्यापक विद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. पुढच्या सोमवारी तिचा वार्षिक पाठ होता. चौथीच्या वर्गावर पाऊण तास शिकवायचं, मागच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक बसणार. तो पाठ चुकला की वर्ष गेलं. आणि विशाखा आठ दिवस झाले विद्यालयात गेली नव्हती. पोटात दुखतंय म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

पोटाचं काही नाही, हे कडूबाईला कळत होतं. म्हणून तर तिनं सगळं करून पाहिलं. शेजारच्या रंगुबाईनं बेसन-हळद सांगितली, ती लावली. मग औषधाच्या दुकानातून गंधकाचं लोशन आणलं. त्यानं मुरमं जरा बसली, पण कातडं असं ओढलं गेलं की पोरीला हसता येईना, नाकाच्या दोन्ही बाजूंनी साली निघायला लागल्या. सालींवर खोबरेल लावलं, तर मुरमं पुन्हा आली. ओलं करावं तर पिकतं, वाळवावं तर फाटतं. हे कसलं तोंड म्हणायचं, तिला उमजत नव्हतं.

खरं तर कडूबाईला कातडीतलं कळायला हवं होतं. नवरा गेला त्याच वर्षी ती नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात आया म्हणून लागली. विशाखा तेव्हा अंगावर पीत होती. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, आणि धोंडीची विशाखा झाली तीही तेव्हाच. तेव्हापासून आजपर्यंत कडूबाईची नेमणूक एकाच ठिकाणी होती. पाटीवर ‘त्वचारोग विभाग’ असं लिहिलेलं होतं, पण गावात त्याला कुणी तसं म्हणत नसे. लोक म्हणायचे, रगतपितीची खोली. खरूज, गजकर्ण, कोड असलेलेही तिथं येत, पण नाव मिळालं ते महारोग्यांवरून. त्यांचे सुन्न पाय ती रोज पाण्यात भिजवायची, कडक कातडं घासून काढायची आणि पाय ओलसर असतानाच तेलाचा हात फिरवायची. शंभर पाय तिनं फाटायचे वाचवले असतील. लेकीचं तोंड तेवढं तिच्या हातात बसेना.

शेवटी तिनं धीर केला. इतक्या वर्षांत तिनं डॉक्टर गंध्यांकडं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, रजासुद्धा नाही. ओपीडी उरकल्यावर ते हात धूत होते, तेव्हा ती दाराशी उभी राहिली.

“सायेब, तोंडाला लावायला काहीतरी हलकं पायजे. चिकटनार न्हाई आन् वाळनार बी न्हाई, असं.”

“कुणाच्या?”

“माज्या लेकीच्या.”

“मग घेऊन या उद्या. न बघता सांगितलं तर तो अंदाज होईल.”

ते ऐकून कडूबाई हरखून घरी आली. विशाखानं मात्र उशीवरून मानही उचलली नाही.

“मी नाही येणार.”

“का गं? सायेब चांगलं हायेत. तपासत्यात, दोन मिंटांचं काम.”

“त्या बाकावर मी बसणार नाही.”

त्या बाकावर. कडूबाई रोज सकाळी फिनेल घालून पुसायची तो बाक.

मग विशाखा उठून बसली आणि सगळंच बाहेर आलं. “मागच्या पाठाला एका पोरीनं हात वर केला. मला वाटलं, प्रश्न विचारायचाय. तर म्हणाली, बाई, तुमचा रोग आम्हाला लागेल का? माझी आई म्हणते, तुमची आई त्या दवाखान्यात असते. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडं बघत होता, आई. मी नकाशा गुंडाळला आणि बाहेर आले. आता तूच सांग, तिथंच बाकावर जाऊन बसू? कुणी बघितलं तर?”

“बरं. नको येऊस,” कडूबाई म्हणाली.

त्या रात्री तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. चूल फुंकताना ती हातांकडं बघत राहिली. रोज कामावरून आली की ती आधी आंघोळ करायची, मग पोरीला जवळ घ्यायची. पहिल्या दिवसापासून तसंच. पण थंडीत एखाद्या दिवशी आळस केला असेल. पाणी नसलेल्या दिवसांत नुसतेच हात धुतले असतील. याच हातांनी ते बेसन लावलं, ते खोबरेल चोळलं. महारोग असा लागत नाही, मुरूम तर वेगळंच, हे ती स्वतः नव्या रोग्यांच्या नातेवाइकांना पढवायची. रगतपितीच्या खोलीतली सगळ्यात जुनी शिकवणारी तीच होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “आणलं नाही लेकीला?”

“न्हाई आली.” तिनं हात पदराला पुसले. “सायेब, एक इचारू? हे माज्या हातातून तर न्हाई ना गेलं?”

डॉक्टर गंधे तिच्याकडं बघत राहिले. “कडूबाई, इतकी वर्षं तुम्ही लोकांना सांगताय, लागत नाही म्हणून. आणि आता तुम्हीच?”

“लोकांना सांगताना मला ठाऊक असतं सायेब. पोरीचं तोंड बघितलं की ठाऊक ऱ्हात न्हाई.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “नाही गेलं,” ते म्हणाले. “वयात आलेल्या पोरांना होतं ते. माझ्या पोराला आहे. तुमच्या हातातून काही गेलेलं नाही.”

घरी येऊन तिनं हे लेकीला जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं, पोरगी सुटकेचा श्वास टाकेल. पण विशाखाचा चेहरा कसनुसा झाला.

“तू असं विचारलंस त्यांना?”

“मग काय करू? घोर लागला हुता जिवाला.”

“मी असं म्हणाले होते का तुला?”

“तू न्हाई म्हनलीस. पन माज्या मनात आलं.”

विशाखा पुन्हा भिंतीकडं वळली. कडूबाईला वाटलं, आपण सांगायला नको होतं. का सांगायलाच हवं होतं? दोन्हींतलं काय बरोबर, ते तिला ठरवता आलं नाही.

शुक्रवारी ओपीडी भरलेली होती. कडूबाई दाराशी उभी राहून नंबर पुकारत होती. अकराच्या सुमाराला जिन्याकडून एक मुलगी आली, पदर नाकापर्यंत ओढलेला. चालीवरून कडूबाईनं तिला लांबूनच ओळखलं. ओळख दाखवावी का नाही? पोरगी अशी लपत आली आहे, म्हणजे आपण आई आहोत हे बाकावर कळू नये, असंच तिच्या मनात असणार. कडूबाईनं आवाज कोरडा केला आणि इतर रोग्यांना विचारायची तसं विचारलं, “केसपेपर काढला का?”

मुलीनं पदर खाली घेतला. “काढलाय, आई.”

बाकावरची सगळी तोंडं वळली. कडूबाईनं केसपेपर घेतला, तो उलटा धरला, मग सुलटा केला. ती तांबडीलाल झाली होती.

बाकाच्या मध्यावर सूर्यभान बसला होता. कर्जतकडचा, साठीचा म्हातारा, घर सोडून दवाखान्याच्याच आवारात राहणारा, एका पायाला बँडेज. चांगल्या घरची कुणी आली की तो नेहमी सरकायचा, तसाच आताही पाय ओढत पार टोकाला सरकला. दोन माणसं बसतील एवढी जागा झाली. विशाखा क्षणभर उभी राहिली, मग त्याच्याजवळच्या बाजूला बसली.

तपासणीला खरोखर दोनच मिनिटं लागली. डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात तिचे गाल पाहिले. “तेल बंद. बेसन बंद. कोल्ड क्रीम तर अजिबात नको, त्यानं छिद्रं बुजतात. गंधकाचं लोशन दिवसाआड लावायचं, फक्त मुरमावर, अख्ख्या तोंडाला नाही. सकाळ-संध्याकाळ साध्या साबणानं तोंड धुवा, आणि ते ओलसर असतानाच थोडं ग्लिसरीन लावा, त्यात चौपट गुलाबपाणी घालून. ते हलकं असतं. किंवा स्नो लावलात तरी चालेल, पण बोटाच्या टोकावर मावेल एवढाच.”

ओलसर असतानाच. कडूबाईनं कपाळाला हात लावला.

“मंजी सायेब, स्नो का ग्लिसरीन?”

“दोन्हींतलं काहीही चालेल.”

हे ‘काहीही’ तिला पटेना. एका कागदावर एकच औषध असायला हवं.

“कधी जातील?” विशाखानं विचारलं. “सोमवारी माझा पाठ आहे.”

“सोमवारपर्यंत नाही जाणार,” डॉक्टर सरळ म्हणाले. “दोन-तीन वर्षं लागतील. थोडे डागही राहतील.”

विशाखानं मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी खरं सांगितलं होतं. सोमवारी ती वर्गावर गेली ती असंच तोंड घेऊन. पाठ मध्यम झाला, पण ती पास झाली. पुढं राहात्याला मास्तरीण म्हणून लागली तेव्हाही गालांवर मुरमं होती, आणि डाग तर कायमचे राहिले. ते सगळं नंतरचं.

त्या शुक्रवारी कंपाउंडर गहिनीनाथानं बाटली भरून दिली आणि हळूच म्हणाला, “कडूआक्का, सायेब काही म्हणू देत, मुरमाला कडुलिंबासारखं काही न्हाई.” कडूबाईनं बाटली घेतली आणि कानाला हात लावला.

कामाची पाळी सुटायला दोन वाजायचे होते. “तू जा घरी,” कडूबाई म्हणाली. विशाखा म्हणाली, “थांबते. बरोबरच जाऊ,” आणि परत त्याच बाकावर जाऊन बसली.

कडूबाई ड्रेसिंगच्या खोलीत पाय धुवायला गेली. तासाभरानं घाण पाण्याची बादली घेऊन बाहेर आली, तेव्हा तिला लेकीचा आवाज ऐकू आला. घरातला नव्हे, वर्गातला असावा तसा. स्वच्छ, न अडखळणारा. सूर्यभानला त्याच्या पोराचं, कारभारीचं, कार्ड आलं होतं. वाचून दाखवणारं कुणी मिळेना म्हणून तीन दिवस ते त्याच्या खिशात होतं. आता ते विशाखाच्या हातात होतं, आणि बाकावरचे सगळे वाकून ऐकत होते.

“‘तीर्थरूप दादांस कारभारीचा नमस्कार. इकडील सर्व खुशाल. सखूचं लग्न उरकून घेतलं...’”

इथं ती थांबली. सूर्यभानचा जबडा हलला. “उरकलं? माज्या नातीचं? कवा?”

विशाखानं खालची ओळ मनात वाचली. तिचे ओठ एकदा मिटले. मग ती पुन्हा त्याच आवाजात सुरू झाली.

“‘मागच्या पंचमीला. दादा, घाई झाली म्हणून कळवता आलं नाही. अक्षता पडताना सगळ्यांना तुमची लई आठवण आली. सखूनं सासरी जाताना तुमच्या घोंगडीपुढं हात जोडले. मांडवात तुमची जागा मोकळी ठेवली होती...’”

कडूबाई भिंतीशी थबकली. तिला अक्षर येत नव्हतं, पण कोरं ते कोरंच दिसतं. कार्डावर वरच्या बाजूला चार ओळी होत्या. त्याखाली काहीच नव्हतं. विशाखाचं बोट केव्हाच त्या कोऱ्या जागेवर आलं होतं आणि ओळीमागून ओळ सरकत होतं, चौथीच्या पोरांना वाचायला शिकवताना सरकतं तसं.

सूर्यभाननं डोळे मिटले होते. “आजून? आजून काय म्हनतो?”

“म्हणतो,” विशाखा जरा थांबली, “म्हणतो, पायाला जपा.”

हे बरं का वाईट, कडूबाईला कळेना. तिचीच लेक, शिकलेली, नसलेलं वाचत होती. पुढं होऊन थांबवावं, की जवळ बसून ऐकावं? बादली जड झाली होती. पण खाली ठेवली तर कडीचा आवाज होईल, म्हणून ती तशीच हातात धरून उभी राहिली.